नातीसाठी डुलणारा लाकडी घोडा: कमानीची गोलाई, जुने सागवान आणि रंग

आपल्या प्रश्नाचा गाभा मला असा समजला. पुण्याच्या पेठेतला जुना वाडा पाडताना आपण खिडक्यांच्या काही सागवानी चौकटी आणि तीन रुंद फळ्या राखून ठेवल्या होत्या. त्या लाकडातून अडीच वर्षांच्या नातीसाठी डुलणारा घोडा स्वतःच्या हाताने करावा आणि दसऱ्याला तिला द्यावा, असे आपल्या मनात आहे. घरी जिगसॉ, ड्रिल, एक रंधा आणि पटाश्यांचा संच आहे. कमानी, म्हणजे घोडा ज्यांवर डुलतो त्या खालच्या गोलाईच्या पट्ट्या, किती गोल ठेवायच्या हे ठरत नाही, आणि मुलगी हाताला लागेल ते अजून तोंडात घालते म्हणून रंगाची काळजी सूनबाईंना वाटते. दोन्ही प्रश्न नेमके आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

मी सावंतवाडीत तीस वर्षे लाकडी खेळणी करत आहे. आमच्या गावाचे नाव चितारआळीतल्या रंगीत लाकडी फळांमुळे आणि गंजिफांमुळे, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांमुळे, सर्वदूर गेले, परंतु माझा हात बसला तो मूल ज्यावर बसते किंवा ज्याला धरून चालते अशा वस्तूंवर, म्हणजे पांगुळगाडे, घोडे, पाळणे यांवर. या कामात नवखा माणूस घोड्याचे तोंड देखणे व्हावे म्हणून आठवडे घालवतो आणि खालच्या दोन कमानी एका दुपारी कापून मोकळा होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. आपण याच्या उलट करावे, अशी माझी विनंती आहे. तोंड साधे राहिले तरी मुलीला ते घोड्याचेच दिसेल. कमान चुकली, तर त्या घोड्यावर तिला बसवता येणार नाही.

कमान ही एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते. त्या वर्तुळाचा मध्य घोड्याच्या वर कुठेतरी हवेत असतो. मूल आणि घोडा यांचा मिळून जो गुरुत्वमध्य होतो तो या मध्याच्या खाली असेपर्यंत घोडा कलला तरी परत येतो. गुरुत्वमध्य त्या उंचीला पोहोचला की परत येण्याचा जोर संपतो, आणि त्याच्याही वर गेला की घोडा उलटतो. अडीच वर्षांचे मूल साधारण बारा किलोचे धरा. बैठक जमिनीपासून 28 सेंमीवर असेल, तर बसलेल्या मुलाचा गुरुत्वमध्य बैठकीच्या वर वीतभर, म्हणजे सुमारे 48 सेंमीवर येतो. घोडा सहा किलोचा आणि त्याचा स्वतःचा गुरुत्वमध्य 20 सेंमीवर असेल, तर दोघांचा मिळून हिशेब 39 सेंमीच्या आसपास बसतो. आता तेच मूल बैठकीवर उभे राहिले असे समजा. मुले उभी राहतातच, ते गृहीत धरूनच काम करावे. तेव्हा हा आकडा एकदम 57 सेंमीपर्यंत चढतो.

मी अगदी सुरुवातीला केलेल्या एका घोड्याच्या कमानी दोन फूट त्रिज्येच्या, म्हणजे 60 सेंमीच्या होत्या. हळू आणि खोल झोका मिळतो म्हणून तो मला फार आवडला होता. माझा तीन वर्षांचा भाचा बसून खेळला तोवर सगळे ठीक होते. चौथ्या दिवशी तो बैठकीवर उभा राहिला, घोडा पुढे कलला आणि परत आलाच नाही. हनुवटीला तीन टाके पडले. वरचे आकडे मी त्यानंतर शिकलो. 57 आणि 60 यांत उरते ती जेमतेम दोन बोटांची जागा, आणि मूल थोडे पुढे वाकले की तीही संपते.

म्हणून आपण त्रिज्या पूर्ण एक मीटर धरावी. त्रिज्या वाढली की झोका उथळ होतो आणि जरा भरभर येतो. एक मीटरवर लहान मुलाची एक येरझार सेकंदापेक्षा थोडी जास्त घेते, आणि तो वेग या वयाला मानवतो. सव्वा मीटरच्या पुढे गेलात तर घोडा ठेचकाळल्यासारखा हलतो आणि मुलाला त्यात गोडी वाटत नाही. 75 सेंमीच्या खाली मात्र लहान मुलासाठी मी कधीच जात नाही.

कमानीची लांबी 80 सेंमी पुरेशी आहे. त्यातला मधला 60 सेंमीचा भाग वर्तुळावर ठेवा आणि दोन्ही टोकांचे दहा-दहा सेंमी, गोलाई जिथे संपते तिथून, सरळ रेषेत पुढे न्या. असे केले की घोडा सुमारे साडेसतरा अंश कलल्यावर ती सरळ पट्टी जमिनीवर सपाट टेकते आणि पुढे जायला घोड्याला एकदम जास्त जोर लागतो. मुलाला तो थांबा बुडाखाली जाणवतो आणि ते आपोआप मागे झुकते. अनेक जण टोकाला खाली लाकडी ठोकळा लावतात, पण त्याचा दणका बसतो आणि काही महिन्यांत ठोकळा सैल होतो. सरळ टोकात सैल होण्यासारखे काहीच नसते.

एवढी मोठी गोलाई काढायला दोरी वापरू नका, कारण ती ताणली जाते आणि दोन्ही कमानी वेगळ्या निघतात. सव्वा मीटरची एक पट्टी घ्या, तिच्या एका टोकाला खिळा मारा, खिळ्यापासून बरोबर 100 सेंमीवर पेन्सिलीपुरते भोक पाडा आणि सहा मिमी प्लायचा तुकडा जमिनीवर ठेवून त्यावर गोलाई आखा. हा झाला साचा. कमानीची पट्टी सात सेंमी रुंद ठेवायची आहे, आणि 80 सेंमीच्या लांबीत टोके मधल्या भागापेक्षा पावणेआठ सेंमी वर उचलली जातात. म्हणजे एका कमानीला सहा इंच रुंदीची फळी नक्की लागेल. आपल्या चौकटींचे दांडे तीन-चार इंची असणार, त्यातून कमान निघणार नाही. कमानी, बैठक आणि मान फळ्यांतून काढा, आणि पाय, आडव्या पट्ट्या व पायटेकणी चौकटींतून.

दोन्ही कमानी आखलेल्या रेषेच्या थोड्या बाहेरून कापून घ्या, एकमेकींवर ठेवून शिकंज्यांत घट्ट आवळा आणि खालची कड दोन्हींची मिळूनच कानस आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. मग आवळलेल्या स्थितीतच सपाट फरशीवर हळू लोळवून पाहा. कुठे कंगोरा राहिला असेल तर हाताला अडखळ जाणवते, डोळ्याला ती दिसत नाही. माझे वडील डोळे मिटून ही तपासणी करत, आणि मीही तशीच करतो. खालच्या कडेची रुंदी 22 ते 25 मिमी असू द्या आणि तिचे दोन्ही काने दोन सूत, म्हणजे सुमारे सहा मिमी, गोल करा.

आता लाकडाविषयी. वाड्याचे सागवान मिळाले हे आपले भाग्य आहे, कारण ते इतकी वर्षे वाळलेले असते की पावसाळ्यात फारसे फुगत नाही. ताज्या वखारीतल्या फळीची खात्री तशी देता येत नाही. मात्र त्याच्याबरोबर दोन धोके येतात. पहिला खिळ्यांचा. प्रत्येक तुकड्यावरून लोहचुंबक फिरवा, तुटून आत राहिलेली मेख सापडली तर आजूबाजूचे लाकूड पटाशीने कोरून ती बाहेर काढा. गिरणीवाले खिळ्याचे लाकूड चिरायला घेत नाहीत आणि ते योग्यच करतात.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे, आणि सूनबाईंच्या काळजीचा खरा विषय तोच असायला हवा. चौकटींवर जुन्या ऑइल पेंटचे थर असतील. आपल्या देशात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा जास्त असू नये, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी, लाल आणि हिरव्या रंगांत, शिसे भरपूर असू शकते. मुलाच्या शरीरात शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी नाही. त्याचा परिणाम थेट मेंदूच्या वाढीवर होतो. म्हणून हा जुना रंग यंत्राच्या सँडरने कोरडा घासू नये आणि आच देऊन तर अजिबात उडवू नये. गच्चीवर किंवा अंगणात प्लास्टिक अंथरा, एन-95 मास्क लावा, पृष्ठभाग पाण्याने ओला करून पत्र्याच्या खरवडणीने वरचे थर काढा आणि मग रंध्याने पाऊण सूत लाकूडच उतरवा. रंध्याने ढलप्या निघतात, धूळ उडत नाही, म्हणून इथे रंधाच बरा. ढलप्या पिशवीत बांधून टाकून द्या, बंबात किंवा चुलीत घालू नका. कामाचे कपडे वेगळे धुवा, आणि हे काम चालू असताना नात त्या मजल्यावर नसावी. एवढे करणे जमणार नसेल, तर चौकटी बाजूला ठेवा आणि पाय व पट्ट्यांसाठी शिवणीचे नवे लाकूड आणा. शिवण हलकी असते, हत्याराला मऊ लागते आणि आकार सोडत नाही.

फळांसाठी आम्ही जे पांगाऱ्याचे लाकूड वापरतो ते इथे चालणार नाही. ते इतके मऊ आणि हलके आहे की कोरीव फळाला उत्तम, पण मुलाचे वजन आणि रोजचे हेलकावे सोसण्याइतके बळ त्यात नसते. पेट्यांच्या पाइनविषयीही बरेच जण विचारतात. ते चालते, फक्त पेटीवरचा शिक्का पाहा. एचटी म्हणजे लाकूड तापवून निर्जंतुक केलेले, आणि एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. दुसऱ्या प्रकाराचे लाकूड खेळण्याला घेऊ नये.

बैठकीची उंची पुस्तकातून घेऊ नका, नातीच्या मापाने घ्या. तिला अनवाणी भिंतीला टेकून उभे करा, जमिनीपासून जांघेपर्यंतची उंची मोजा आणि त्यातून चार-पाच सेंमी वजा करा. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत, कारण स्वतःला थांबवण्याचे तिचे साधन तेच आहे. बहुधा 28 ते 30 सेंमी येईल. बैठक दोन्ही टोकांना 22 सेंमी आणि मध्ये, जिथे मांड्या येतात तिथे, 17 सेंमी रुंद ठेवा. मागे 15 सेंमी उंचीची टेकणी असू द्या. कमानींच्या बाहेरच्या कडांमधले अंतर 32 ते 34 सेंमी हवे. म्हणजे पाय बैठकीपासून खाली येताना सुमारे पंधरा अंश बाहेर फाकतील आणि घोडा आडवा पडणार नाही.

पायांची वरची टोके बैठकीच्या कडेला खाच करून बसवा, गोंद लावा आणि प्रत्येकी दोन स्टेनलेस स्क्रू द्या. स्क्रूचे डोके आत बुडवून वर लाकडी गुडदी ठोका. खालची टोके कमानीच्या आतल्या अंगाला टेकतात. पाय तिरका असल्याने तिथे त्याला तेवढाच तिरका छाट द्यावा लागतो, आणि हा छाट नीट बसेपर्यंत चार वेळा सुटा लावून पाहण्याचा कंटाळा करू नका. या जोडाला सहा मिमीचे दोन-दोन बोल्ट आणि गोल डोक्याच्या नट असाव्यात, कारण घोड्याचा प्रत्येक झोका याच जोडावर येतो. खिळे कुठेही नकोत. हेलकाव्याने खिळा हळूहळू बाहेर येतो, आणि ते आपल्या आधी मुलाच्या मांडीला कळते. सागवानात तेल असते, म्हणून जोडाची जागा गोंदाच्या दिवशीच ताजी रंधून घ्या, थिनरच्या फडक्याने पुसा आणि ते उडून गेल्यावर लगेच गोंद लावा. काल रंधलेल्या सागाला आजचा गोंद तितका धरत नाही.

दोन्ही कमानींना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या दोन असाव्यात, एक मागे आणि एक पुढच्या पायांच्या पुढे. पुढची पट्टी सात सेंमी रुंद घ्या आणि कमानींच्या बाहेर चार-चार सेंमी येऊ द्या. तीच पायटेकणी होते.

मान आणि डोके 30 मिमी जाडीच्या एकाच फळीतून कापा. लाकडाची रेषा मानेच्या लांबीबरोबर गेली पाहिजे. आडवी गेली तर पहिल्याच आपटण्यात मान तुटते. कान आखूड, बोथट आणि डोक्याच्याच फळीतले ठेवा, वरून चिकटवलेले कान नकोत. मानेचे खालचे टोक कुसू करून बैठकीच्या खाचेत उतरवा आणि खालून पाचर मारा. हाताची मूठ 20 मिमी जाडीच्या दांड्याची, बैठकीपासून 18 ते 20 सेंमी उंचीवर, मानेतून आरपार, दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंमी. दांडा फिरू नये म्हणून मानेत आडवी लाकडी खुंटी मारा. दांड्याची टोके उघडी ठेवू नका, कारण मूल पुढे आपटले की ते टोक बरोबर डोळ्याच्या उंचीवर येते. त्यावर 40 मिमी व्यासाचे गोल लट्टू बसवा. ते कातून घ्यावे लागतील, आणि जवळच्या कातकाम करणाऱ्याला लाकूड दिले तर एवढे काम तो सहज करून देईल.

लट्टूचे हे माप मी विचार करून सांगतो आहे. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यातून सुटू शकणारा कोणताही भाग 31.7 मिमी व्यासाच्या नळकांड्यात मावता कामा नये, असे खेळण्यांच्या सुरक्षेचे मानक सांगते, कारण साधारण तेवढीच जागा लहान मुलाच्या घशाची असते. आपल्याकडचे हे मानक आयएस 9873 या क्रमांकाचे आहे, आणि विक्रीच्या खेळण्यांना ते 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचे झाले. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्या आदेशातून सूट आहे आणि घरच्या नातीसाठी केलेल्या घोड्याला तर तो लागूच नाही. तरीही मूल तेच असल्याने मी त्यातली मापे सोडत नाही. त्याच कारणाने डोळ्यांसाठी मणी, बटणे किंवा काचेचे तुकडे लावू नका, डोळे रंगवा. लगाम म्हणून दोरी नको, ती गळ्यात अडकते. लोकरीची आयाळ मुले उपटून चघळतात, म्हणून आयाळ आणि शेपूट कोरून किंवा रंगवून दाखवा.

रंगापूर्वी एक चाचणी करा. पंचवीस किलोचे तांदळाचे पोते बैठकीवर बांधा आणि अर्धा तास घोडा हाताने हलवत राहा. कुठे कुरकुर आली तर जोड आत्ताच उघडा. रंग दिल्यावर तसे करायला मन धजत नाही.

आता रंग. सूनबाईंना कदाचित असे वाटत असेल की नैसर्गिक रंग वापरले म्हणजे चिंता मिटली. हा समज मला दूर करावासा वाटतो, कारण तो आमच्याच परंपरेच्या नावाने पसरला आहे. जुन्या चित्रकामात लाल रंगासाठी शेंदूर आणि हिंगूळ, पिवळ्यासाठी हरताळ वापरत. जुना खरा शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड, हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे संयुग आणि हरताळ म्हणजे आर्सेनिकचे. तिन्ही निसर्गातल्याच वस्तू आहेत आणि तिन्ही मुलाच्या तोंडात जाता कामा नयेत. याउलट गेरू, पिवळी माती, काजळी आणि खडूची पूड निर्धोक असतात. हळदीचा पिवळा सुंदर दिसतो, पण उजेडात काही महिन्यांत उडतो.

आम्ही कातलेल्या वस्तूंना जी लाख चढवतो तिच्याबद्दलही पुष्कळ जण विचारतात. कातावर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडात बसते, आणि मग केवड्याच्या पानाने दाबून तिला झिलई आणतात. मुलाच्या तोंडासाठी याहून चांगले आवरण मला माहीत नाही. परंतु ते गोल कातलेल्या वस्तूलाच देता येते, म्हणून आपल्या घोड्यात फक्त लट्टूंना आणि मुठीच्या दांड्याला शोभेल. नेमक्या याच जागा मूल चावते. एवढे लक्षात ठेवा की लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे तिला सॅनिटायझरने पुसू नये. साध्या ओल्या फडक्याने पुसावे.

बाकीच्या घोड्याला पाण्यावर चालणारा ॲक्रिलिक प्राइमर, त्यावर ॲक्रिलिक रंग आणि शेवटी पाण्यावरचेच पॉलियुरेथेन, म्हणजे पारदर्शक वार्निश, असे थर द्या. डबा घेताना तो खेळण्यांना चालतो असे स्पष्ट लिहिलेले पाहा. आयएस 9873 च्या तिसऱ्या भागाचा किंवा युरोपच्या ईएन 71-3 या मानकाचा उल्लेख हवा. गाडीचा स्प्रे किंवा यंत्रांसाठीचा औद्योगिक रंग वापरू नका, 2017 चा नियम घरगुती रंगांपुरता आहे. माळ्यावरचा जुना डबा तर उघडूही नका. प्रत्येक गोष्टीचा पाव लिटर डबा पुरतो.

आधी 80, 120, 180 आणि 220 नंबरचे पॉलिश पेपर क्रमाने फिरवा. मग सगळ्या लाकडावरून ओला बोळा फिरवून ते वाळू द्या. रेषे उभे राहतील, ते 220 ने हलकेच घासा. हे आत्ता केले नाही, तर पाण्याचा प्राइमर लावताच घोडा दाढी वाढल्यासारखा खरखरीत होतो. भोके आणि सांधे लाकडाच्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरा. त्यानंतर सागवानासाठी एक खास पायरी आहे, जी चुकली की पांढरा रंग पंधरा दिवसांत चहासारखा पिवळट पडतो, कारण सागातला तपकिरी अर्क पाण्याच्या रंगातून वर येतो. ते रोखायला चपडी लाख स्पिरिटमध्ये भिजवा, एक रात्र तशीच ठेवा आणि खाली बसलेला मेणाचा गाळ न हलवता वरचे निवळ तेवढे घेऊन त्याचे दोन पातळ हात द्या. त्यावर प्राइमर, मग 320 चा पेपर, मग रंगाचे दोन हात. प्रत्येक हात पातळ असावा आणि मधे एक रात्र जाऊ द्यावी.

काही भाग लाकडाच्याच रंगाचा ठेवायचा असेल तर जवसाचे कच्चे तेल चालते, पण ते वाळायला कित्येक आठवडे घेते. बाजारातल्या ‘बॉइल्ड’ तेलात लवकर वाळवणारी धातूंची संयुगे असतात, ते घेऊ नका. तेलाने भिजलेले फडके चुरगळून टाकू नका, ते आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात बुडवून मगच टाका. आमच्याकडे लाकडाला खोबरेल चोळण्याची सवय आहे. खोबरेल कधीच वाळत नाही, धूळ धरते आणि खवट होते.

रूप कोणते द्यावे हे आपण विचारले नाही, तरी सुचवतो. इंग्लंडमधल्या जुन्या घोड्यांची ठिपक्यांची करडी छटा प्रसिद्ध आहे, आणि चित्रांत पाहून पुष्कळ जण तीच मागतात. मला मात्र आपल्याकडचा पंचकल्याण घोडा सर्वांत आवडतो: अंग तांबूस तपकिरी, चारही पाय खाली पांढरे आणि कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा. नवशिक्याला तो सोपाही जातो, कारण रंग तीनच लागतात आणि सीमा ठळक असतात. पांढऱ्याची कड कागदी टेपने आखा आणि रंग पूर्ण वाळण्याआधीच टेप तिरकी ओढून काढा. डोळा सर्वांत शेवटी करा. बदामाच्या आकाराचा काळा ठिपका, वर पापणीची एक गडद रेघ, आणि काळ्याच्या वरच्या पुढच्या कोपऱ्यात मोहरीएवढा पांढरा बिंदू. तो बिंदू दोन्ही बाजूंना सारख्याच जागी आला पाहिजे, नाहीतर घोडा एका बाजूने जागा आणि दुसऱ्या बाजूने झोपलेला दिसतो. मी आधी कागदावर दहा डोळे काढतो आणि हात स्थिर झाला की मगच घोड्याकडे वळतो. मुलीची नजर सर्वांत आधी तिथेच जाणार आहे.

परदेशातल्या घोड्यांना कमानीऐवजी खाली स्थिर चौकट आणि लोखंडी आस असतात, तसे करावे का, असेही आपण विचारले आहे. ती रचना अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या मार्क्वा नावाच्या कारागिराने 1880 मध्ये पेटंट करून घेतली. कमानीचा घोडा डुलता डुलता पुढे सरकतो आणि शेजारच्या मुलाच्या पायाचे बोट त्याखाली सापडू शकते, हे दोन्ही दोष तिने जातात. परंतु तिची लोखंडी जोडणी अचूक लागते आणि पहिल्याच कामात ती साधत नाही. आपण गुळगुळीत टाइल्सवर घोडा ठेवताना खाली न घसरणारी रबरी मॅट घाला, भिंत आणि कोपऱ्यांपासून चारही बाजूंना हातभर जागा ठेवा, आणि दुसरे मूल खेळत असेल तेव्हा जवळ मोठे माणूस असू द्या.

राहिला दसऱ्याचा प्रश्न. सुतारकाम पावसाळ्यात चालेल, पण रंगकाम दमट हवेत करू नका, थर खालून ओलाच राहतो. पुण्यात गणपती विसर्जनानंतर हवा बऱ्यापैकी कोरडी होते. तिथून दसऱ्यापर्यंत जेमतेम पंचवीस दिवस मिळतात, त्यातले आठ-दहा थरांमध्येच जातात. बोटाला कोरडा लागणारा रंग आतून मुरायला आणखी तीन आठवडे घेतो, आणि त्याआधी चावला तर सालपट निघते. दसऱ्याला घोड्याची पूजा जरूर करावी, झेंडूची माळ सुती कापड खाली घालून अडकवावी, म्हणजे तिची ओल नव्या रंगावर उतरणार नाही. नातीला त्यावर दिवाळीच्या पाडव्याला बसवा. त्या सकाळी पांढरे सुती फडके कोमट पाण्यात भिजवून मुठीवर, कानांवर आणि बैठकीच्या कडेवर वीस वेळा जोराने घासा. फडके पांढरे राहिले तर मुलीला उचलून ठेवा. थोडाही रंग उतरला, तर अजून आठ दिवस थांबा.